अनोळखी जुनी हत्यारे आणि यंत्रवस्तू : ओळख पटवण्यासाठी धागा

मूळ लेख

एका सुतारकामाच्या खोलीतली जुनी लाकडी पेटी नुकतीच माझ्या हाती आली. ती ज्यांनी वापरली ते आज हयात नाहीत, त्यामुळे आतील वस्तूंविषयी विचारावे असे कोणी उरलेले नाही. दोन रंधे, एक गुण्या, एक सामता, तीन पटाश्या, दोन हातकरवती आणि कानसांचा एक जुडगा एवढे मला ओळखता आले. एका वस्तूपाशी मात्र मी अडलो आहे.

ती पकडीसारखी आहे. लांबी १७ सेंटिमीटर, वजन सुमारे ३५० ग्रॅम. दोन दांडे असून त्यांच्यामध्ये स्प्रिंग आहे. दांडे आवळले की तोंडाशी असलेली एक बोथट खुंटी पुढे सरकते आणि समोरच्या गोल चकतीच्या कडेवर दाबली जाते. मळसूत्र सैल करून ही चकती फिरवता येते. तिच्या कडेने ४ ते १२ असे आकडे कोरलेले आहेत. कातड्याला भोके पाडण्याची पकड असावी असा माझा अंदाज आहे, कारण तिलाही फिरणारी चकती असते आणि वेगवेगळ्या मापांची भोके पाडता येतात.

याच पेटीतील एका पटाशीवर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का आहे. ओतीव पटाशी ठिसूळ असणार असे समजून मी ती बाजूला काढून ठेवली आहे. इतरांकडेही अशा न ओळखलेल्या वस्तू असतील, तर त्यांनी याच धाग्यात त्यांचे वर्णन द्यावे. लांबी, वजन, धातू, शिक्के, हलणारे भाग आणि वस्तू कशासोबत सापडली हे लिहिले आणि छायाचित्रात शेजारी मोजपट्टी ठेवली, तर सांगणाऱ्याचे काम सोपे होईल.

प्रतिसाद १

नाव सुचवण्याआधी तीन गोष्टी विचारतो. खुंटी पोकळ आहे की भरीव? चकतीला आरपार भोके आहेत का? आणि आकड्यांपाशी चकतीची कड सर्वत्र सारखी आहे, की तिचा उतार बदलत जातो?

हे विचारण्याचे कारण असे की कातड्याला भोक पाडायचे तर तुकडा कापला जाऊन बाहेर पडायला हवा. त्यासाठी नळीसारखे पोकळ आणि धारदार तोंड लागते. तसे तोंड नसेल, तर साम्य कितीही दिसले तरी तो अंदाज सोडून द्यावा लागेल. अनोळखी हत्यार हाती आले की ते कशासारखे दिसते याकडे आपले लक्ष आधी जाते. मी मात्र ते कोणते काम करूच शकणार नाही, हे आधी पाहतो. अशा रीतीने निम्मे अंदाज पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतात.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

खुंटी भरीव आहे आणि तिचे टोक सपाट, सुमारे दोन मिलिमीटर रुंद आहे. चकतीला मधल्या मळसूत्राखेरीज एकही भोक नाही. कडेला उतार आहे. ४ या आकड्यापाशी तो रुंद आहे आणि १२ कडे जाताना अरुंद होत जातो. तुम्ही विचारेपर्यंत हा फरक माझ्या ध्यानातही आला नव्हता.

प्रतिसाद ३

हे करवतीचे दात वाकवण्याचे हत्यार आहे. कारणेही मांडतो, म्हणजे ती तपासून पाहता येतील.

करवतीचे दात पात्याच्या सरळ रेषेत राहिले, तर कापलेली खाच पात्याच्या जाडीएवढीच होते आणि पाते लाकडात आवळून अडकते. म्हणून एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे असे सर्व दात आलटूनपालटून किंचित वाकवावे लागतात. खाच रुंद झाली की पाते मोकळे चालते. दात झिजले आणि कानसीने पुन्हा घासले, की हे वाकवणे नव्याने करावे लागते.

तुमच्या हत्यारात करवतीचे पाते खुंटी आणि चकती यांच्यामध्ये बसते. खुंटी एक दात चकतीच्या उतारावर दाबते आणि तो तेवढ्याच कोनात वाकतो. चकतीवरील आकडे साधारणपणे एका इंचातील दातांच्या संख्येशी जुळवलेले असतात. इंचात चार दात म्हणजे दात मोठा, म्हणून तिथे उतार रुंद. इंचात बारा दात म्हणजे दात बारीक, त्याचा फक्त शेंडा वाकायला हवा, म्हणून उतार अरुंद. दात मुळापासून वाकवला तर तो तुटू शकतो किंवा पाते वेडेवाकडे होते.

हे पडताळून पाहण्याचे साधन तुमच्याच पेटीत आहे. दोन्ही करवतींचे दात भिंगाखाली पाहा. हे हत्यार त्यांच्यावर चालले असेल, तर एका बाजूने पाहताना एकाआड एक दातावर खुंटीचा फिकट, चौकट ठसा दिसेल.

प्रतिसाद ४ (धागाकर्ता)

ठसे आहेत. मोठ्या करवतीवर ते अगदी स्पष्ट आहेत. एका बाजूने एक दात सोडून एक आणि दुसऱ्या बाजूने मधले राहिलेले. ठशाची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजली, ती खुंटीच्या टोकाशी जुळते. इंचात सात दात आहेत, आणि चकती मला मिळाली तेव्हा ७ या आकड्यावरच आवळलेली होती. ती शेवटची कोणत्या करवतीसाठी वापरली गेली हे इतक्या वर्षांनी कळावे, याने मी खरोखर हेलावून गेलो.

प्रतिसाद ५

माझ्याकडे एक लोखंडी चकती आहे. व्यास सुमारे २० सेंटिमीटर, जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. मधल्या आसावर ती मोकळी फिरते आणि आसाला दुबेळक्यासारखा दांडा आहे. कडेला धार नाही, दाते नाहीत, आकडे नाहीत. कडेजवळ छिन्नीने मारलेली एक खूण तेवढी आहे. काहींनी हे कापण्याचे चाक आहे असे सांगितले, तर काहींनी खेळणे. दोन्ही मला पटत नाही. लोहाराच्या सामानात ती सापडली.

प्रतिसाद ६

लोहाराच्या सामानात सापडली हे तुम्ही सांगितले, तेव्हाच निम्मे उत्तर मिळाले. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याआधी घेर मोजण्याचे हे साधन आहे. त्याची रचना मला फार सुंदर वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लाकडी चाकाच्या घेरावर चकती ठेवून, खुणेपासून सुरुवात करून, चाकाभोवती एक पूर्ण फेरी मारायची. चकतीचे किती वेढे झाले ते मोजायचे आणि शेवटचा अपुरा वेढा जिथे संपला तिथे चकतीवर खडूने रेघ मारायची. मग तीच चकती सरळ लोखंडी पट्टीवर तितकेच वेढे आणि तेवढाच अपुरा भाग फिरवायची. चाकाचा घेर पट्टीवर उतरतो. इथे इंच लागत नाहीत, सेंटिमीटर लागत नाहीत, व्यासावरून घेर काढण्याचा हिशेबही लागत नाही. एकाच चकतीने दोन्ही लांब्या मोजल्यामुळे चकतीचा स्वतःचा व्यास किती आहे याने काही बिघडत नाही. आकडे नसण्याचे कारण हेच. मापन-साधनावर आकडे नाहीत म्हणून ते मापनाचे नव्हे असे आपण समजतो, आणि या वस्तूबाबत नेमकी तिथेच फसगत होते.

धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी लहान ठेवतात. ती तापवली की वाढते, त्या अवस्थेत चाकावर बसवून पाणी ओतले की आकसते आणि चाकाचे सगळे सांधे आवळून धरते. किती वाढते याचा अंदाज घेता येतो. लोखंड एका अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांत १२ भाग वाढते. १.२ मीटर व्यासाच्या चाकाचा घेर साधारण ३.७७ मीटर. तापमान ५०० अंशांनी वाढले, तर एवढ्या लांबीची धाव सुमारे २३ मिलिमीटर वाढेल. आकसण्यासाठी किती लांबी कमी ठेवायची हा कारागिराच्या अनुभवाचा भाग होता. कमी आकसली तर धाव सैल राहते, जास्त आकसली तर आरे वाकतात.

आता कडेची झीज पाहा. कड सर्व बाजूंनी सारखी गुळगुळीत असेल आणि आसाचे भोक किंचित सैल झाले असेल, तर ही चकती दीर्घकाळ वापरात होती असे समजायला हरकत नाही.

प्रतिसाद ७

शिक्क्यांविषयी काही लिहावेसे वाटते, कारण धागाकर्त्याच्या पटाशीबाबत गैरसमज झालेला दिसतो. ‘कास्ट स्टील’ या शिक्क्याचा बिडाशी, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाशी, काहीही संबंध नाही. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात पोलाद मुशीत पूर्ण वितळवून एकजीव करण्याची पद्धत विकसित केली. त्याआधीच्या पोलादात कर्बाचे प्रमाण एकसारखे नसे. मुशीतले पोलाद ओतून त्याच्या लगडी करत, म्हणून त्याला ते नाव पडले. त्या लगडी पुढे घडवूनच पटाश्या आणि रंध्यांची पाती तयार होत. एकोणिसाव्या शतकातील धारेच्या हत्यारांवर हा शिक्का उत्तम प्रतीची ग्वाही म्हणून मारला जाई. ती पटाशी पेटीत परत ठेवावी, अशी विनंती आहे.

काळ ठरवण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या आणखी काही खुणा सांगतो. ब्रिटिश वस्तूंवर हिऱ्याच्या आकाराची नोंदणी-खूण असेल, तर तिचे डिझाइन १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेले असते. १८८४ पासून ‘आरडी’ (रजिस्टर्ड, म्हणजे नोंदणीकृत) या अक्षरांपुढे सलग क्रमांक येऊ लागले. ब्रिटिश पेटंट क्रमांकांबाबत जपून राहावे. १८५२ ते १९१५ या काळात ते दरवर्षी १ पासून सुरू होत, त्यामुळे वर्ष माहीत नसेल तर नुसत्या क्रमांकाचा उपयोग नाही. १९१६ पासून १,००,००१ या क्रमांकापासून पुढे सलग मालिका चालू झाली. अमेरिकी पेटंटची सध्याची मालिका १८३६ मध्ये सुरू झाली आणि दहा लाखांचा टप्पा तिने १९११ मध्ये गाठला. जर्मन वस्तूंवरील ‘डी.आर.जी.एम.’, म्हणजे उपयुक्त रचनेची सरकारी नोंद, ही अक्षरे १८९१ च्या कायद्यानंतरची आहेत. फ्रेंच वस्तूंवरील ‘एस.जी.डी.जी.’ म्हणजे शासनाच्या हमीविना दिलेले पेटंट, ही पद्धत १८४४ च्या कायद्यापासूनची. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची असते. ती पाहून वस्तूला कारखान्याचे नाव देण्याची चूक अनेकदा होते.

पेटंटच्या वर्षावरून वस्तू त्याआधीची नाही एवढेच सिद्ध होते. तीच रचना आणि तोच शिक्का पुढे अनेक वर्षे चालू राहिल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

प्रतिसाद ८

आकड्यांवरून आठवले. माझ्याकडे एक पाना आहे, त्यावर ‘१/२’ आणि ‘डब्ल्यू’ असे कोरलेले आहे. पण त्याचे तोंड अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे नसून २३ मिलिमीटरहून थोडे अधिक आहे. पाना झिजून इतका रुंद होणे शक्य नाही. चुकीचा आकडा मारला गेला असेल का?

प्रतिसाद ९

आकडा बरोबर आहे. तो बोल्टच्या जाडीचा आहे, पान्याच्या तोंडाचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे एक प्रमाण सुचवले. त्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. या पद्धतीच्या पान्यांवर ज्या बोल्टसाठी पाना आहे त्या बोल्टचा व्यास लिहीत. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टच्या नटाची समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील रुंदी ०.९२ इंच, म्हणजे सुमारे २३.४ मिलिमीटर असते. तुमचे माप त्याच्याशी जुळते.

यातून यंत्र ओळखायलाही मदत होते. एखाद्या अनोळखी यंत्राचा अर्ध्या इंचाचा बोल्ट काढून आटे मोजावेत. इंचात १२ आटे भरले तर व्हिटवर्थ, १३ भरले तर अमेरिकी पद्धत. पाव इंचाच्या बोल्टमध्ये मात्र दोन्ही पद्धतींत २० आटे असल्यामुळे तिथे फक्त कोनावरून, ५५ की ६० अंश, हे ठरवावे लागते. अर्थात एखादा बोल्ट नंतर बदललेला असू शकतो, म्हणून तीन-चार ठिकाणी तपासावे.

प्रतिसाद १०

वस्तू साफ करण्याविषयी कळकळीने सांगतो. एका जुन्या पकडीचा गंज मी तारेच्या फिरत्या ब्रशने काढला. अर्ध्या मिनिटात ती चकाकली आणि तिच्यावरचा शिक्का कायमचा गेला. त्या पकडीचा कर्ता मला आता कधीच कळणार नाही. तेव्हापासून मी आधी छायाचित्रे काढतो, मग रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने वरची माती काढतो, आणि विजेरी जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून तिरप्या प्रकाशात शिक्का वाचतो. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिलचे शिसे आडवे घासले, तर डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही कधीकधी उमटतात.

गंज फारच असेल, तर धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात वस्तूला ऋण टोक जोडून कमी दाबाचा एकदिश प्रवाह सोडण्याची पद्धत सौम्य आहे. धन टोकाला साधे लोखंडच लावावे. स्टेनलेस स्टील वापरल्यास क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरतात. शिवाय हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करावे.

मूठ, कडा आणि बिजागरी यांवरची झीज साफ करण्याच्या भरात घासून टाकू नये. धागाकर्त्याच्या करवतीवरचे ठसे कोणी चकाकी आणण्यासाठी घासून काढले असते, तर वरचे उत्तर पडताळता आले नसते.

प्रतिसाद ११

वरील सूचनांमध्ये सुरक्षिततेची भर घालतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील घड्याळे आणि विमानातील मापक यांच्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी किरणोत्सर्गी रेडियम असलेला रंग लावत. आज ती तबकडी चमकत नसेल, तरी ती निरुपद्रवी झाली असे समजू नये. चमकणारे रसायन निकामी झालेले असते, रेडियम-२२६ चा अर्धायुकाळ मात्र सुमारे १६०० वर्षांचा आहे. अशी तबकडी उघडू नये, खरवडू नये. काही जुन्या तापमापक आणि दाबमापकांत पारा असतो. दाबून बसवलेली मोठी स्प्रिंग सोडवताना हात आणि डोळे तिच्या रेषेत ठेवू नयेत. आणि तोफगोळा किंवा सुरुंग असल्याची किंचितही शंका आली, तर वस्तूला हात न लावता पोलिसांना कळवावे. तिथे ओळख पटवण्याचा मोह पूर्णपणे टाळावा.

प्रतिसाद १२

माझी वस्तू हत्यारापेक्षा उपकरण वाटते. मखमली अस्तराच्या डबीत पितळेचे दोन हात आहेत, ते एका सांध्यात जोडले जातात. एका हाताच्या टोकाला वजन आणि त्याखाली सुई, दुसऱ्याच्या टोकाला बोथट काटा. सांध्याजवळ एक छोटे चाक आहे, त्याच्या कडेला शंभर भाग आणि शेजारी व्हर्नियर, म्हणजे भागाचाही अंश वाचण्याची छोटी पट्टी. मला तो कर्कटकाचा प्रकार वाटला, पण त्याने वर्तुळ काढता येत नाही.

प्रतिसाद १३

हा क्षेत्रमापक आहे. स्विस गणिती याकोब आम्स्लर यांनी १८५४ मध्ये या पद्धतीचे उपकरण तयार केले. सुई कागदावर एका जागी रोवायची, काटा आकृतीच्या सीमेवरून एक पूर्ण फेरी फिरवून सुरुवातीच्या बिंदूवर परत आणायचा आणि चाकावरचे माप वाचायचे. आकृती कितीही वेडीवाकडी असली, तरी तिचे क्षेत्रफळ मिळते.

चाक काही वेळा गडगडते आणि काही वेळा नुसते घसरते. काट्याच्या हाताला काटकोनात होणारी हालचाल तेवढी ते मोजते, हाताच्या दिशेने होणारी मोजत नाही. सुई आकृतीच्या बाहेर रोवलेली असेल, तर पूर्ण फेरीअंती चाकाने कापलेले निव्वळ अंतर गुणिले काट्याच्या हाताची लांबी, एवढे आकृतीचे क्षेत्रफळ भरते. सीमेवरून फिरून आतले क्षेत्रफळ कळणे हे प्रथम अशक्य वाटते, पण गणितातील ग्रीनच्या प्रमेयातून ते सिद्ध होते. नकाशावरील जमिनीची मोजणी आणि वाफेच्या इंजिनांच्या दाबालेखावरून शक्ती काढणे, या कामांसाठी ही उपकरणे वापरली जात. चाकाच्या कडेला बोट लावू नका. तिथे चरा पडला, तर प्रत्येक माप चुकेल.

प्रतिसाद १४

वरील उत्तरे पटण्यासारखी आहेत, तरी एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. एखाद्या वस्तूने एखादे काम करता येते, म्हणजे ती त्याच कामासाठी बनवली होती असे नव्हे. रोमन साम्राज्याच्या वायव्य प्रांतांत काशाच्या, आतून पोकळ, बारा पंचकोनी बाजूंच्या वस्तू शंभराहून अधिक सापडल्या आहेत. प्रत्येक बाजूला वेगळ्या व्यासाचे भोक आणि प्रत्येक कोपऱ्यावर गोळी. अशा वस्तूची पहिली नोंद १७३९ ची आहे. त्यांचा उल्लेख तत्कालीन लेखनात सापडलेला नाही. अंतर मोजण्यापासून हातमोजे विणण्यापर्यंत अनेक उपयोग सुचवले गेले आणि काहींनी प्रत्यक्ष विणूनही दाखवले. पण मापन-साधन म्हणावे तर त्यांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांच्यावर आकडेही नाहीत.

याउलट अँटिकिथेरा या ग्रीक बेटाजवळ सापडलेले प्राचीन यंत्र पाहावे. १९०१ मध्ये समुद्रतळातून वर आलेल्या गंजलेल्या ढेकळात दंतचक्र आहे हे १९०२ मध्ये लक्षात आले. पुढे क्ष-किरणांनी आतील चक्रे दिसली, त्यांचे दाते मोजले गेले, आणि त्यांतील मोठ्या चक्राला २२३ दाते होते असे निष्पन्न झाले. २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचे चक्र पुन्हा येते. अशी संख्या योगायोगाने येत नाही. त्या यंत्राचा उपयोग खगोलीय होता हे दात्यांच्या मोजणीने पक्के केले.

म्हणून क्षेत्रमापकाबाबतही नाव सांगून थांबू नये. ज्ञात व्यासाचे वर्तुळ काढून त्यावर काटा फिरवावा. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ७८.५४ चौरस सेंटिमीटर आहे. माप तेवढे किंवा त्याच्या जवळ आले, तर शंकेला जागा नाही.

प्रतिसाद १५ (प्रतिसाद १२ चे लेखक)

तीन वेळा फिरवून पाहिले. वाचन ७८.३, ७८.६ आणि ७८.५ आले. मनःपूर्वक आभार.

प्रतिसाद १६ (धागाकर्ता)

बाजूला काढलेली पटाशी मी पुन्हा पाहिली. कानस तिच्या उताराच्या बाजूवर बहुतेक ठिकाणी सहज लागली, पण सपाट बाजूला धारेजवळ काचेवरून सरकावी तशी घसरली. तिरप्या प्रकाशात दोन धातूंच्या जोडाची बारीक रेघही दिसली. म्हणजे पाठ मऊ घडीव लोखंडाची असून सपाट बाजूला पाणी दिलेल्या पोलादाचा थर जोडलेला आहे. धार लावून तिने एका फळीत खाच करून पाहिली. लाकडाच्या आडव्या तंतूंवरही काप स्वच्छ आला.

पेटीतील प्रत्येक वस्तूला आता एक कागदी चिठ्ठी दोऱ्याने बांधली आहे. दात वाकवण्याच्या हत्याराच्या चिठ्ठीवर नाव, लांबी, ज्या करवतीवर त्याचे ठसे आहेत तिची खूण आणि ‘चकती ७ वर मिळाली, हलवू नये’ असे लिहिले आहे. कानसांच्या जुडग्यात तळाशी एक चौकोनी, दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा पोलादी तुकडा सापडला आहे. लांबी ११ सेंटिमीटर, एका टोकाला घणाचे घाव. उद्या उजेडात छायाचित्र काढून वर्णनासह इथे देतो.